पाचवी प्रत

रायसा अर्खिपोव्हनाने चष्मा लावला तो खरं तर डॉक्टरची चिठ्ठी वाचायला. पण ट्रॉलीबस पुलावर चढली, हलायला लागली, आणि आधीच कोंबडीच्या पायांसारखं असलेलं ते अक्षर काही केल्या जागेवर राहीना. वैतागून तिने मान वर केली, तर ड्रायव्हरच्या पाठीमागच्या काचेवर, जिथे परवापर्यंत गुडघेदुखीच्या मलमाची जाहिरात होती तिथे, पांढऱ्या कागदावर निळी अक्षरं होती. ‘आई रिकाम्या ताटल्याही धुवायची. म्हणायची, इथे अजून घर आहे हे ताटल्यांना कळायला हवं.’ खाली नाव होतं, इग्नात झाबोरिन. त्याच्याही खाली शहराने वाचलं पाहिजे अशा अर्थाचं काहीतरी सरकारी. रायसाने ते एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं आणि मग तिच्या लक्षात आलं की मांडीवर ठेवलेल्या पर्सवर तिची बोटं आपोआप हलताहेत, ते वाक्य टाइप करताहेत. शेजारी बसलेली बाई, हातात लसणीच्या माळा घेतलेली, तिच्याकडे वळून म्हणाली, “किती बाई खरं लिहिलंय! कुठून आणतात हे लोक असलं, देव जाणे.” कुठून आणतात ते रायसाला ठाऊक होतं. तिसऱ्या मजल्यावरून, डाव्या दारातून. औषधाच्या दुकानाचा थांबा कधीच मागे गेला होता आणि ती शेवटच्या थांब्यापर्यंत तशीच बसून राहिली.

वाक्य झाबोरिनचं नव्हतं. हे जगात तिला एकटीला माहीत होतं आणि चौतीस वर्षं तिने ते कोणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी काय? की तुमचा एवढा मोठा लेखक, ज्याच्या कादंबरीतले उतारे पोरं शाळेत पाठ करतात, त्याच्या त्या कादंबरीत अकरा ओळी नदी-वाहतूक संस्थेतल्या एका टायपिस्ट बाईने घुसडल्या आहेत? लोक म्हणाले असते, म्हातारीला वयाने भ्रम झालाय. त्याचीही तिला फारशी भीती नव्हती. भीती होती ती लोकांनी विश्वास ठेवला तर, याची. खूप वर्षांनी, बंदी उठल्यावर, छापील पुस्तकात त्या ओळी पहिल्यांदा दिसल्या तेव्हा ती सकाळी सातपासून रांगेत उभी होती. पुस्तक हातात पडल्यावर रस्त्यातच, थंडीत, हातमोजा दाताने ओढून काढून तिने ते पान शोधलं. ओळी होत्या. एका शब्दाचाही फरक नव्हता. तिला इतका आनंद झाला आणि इतकी लाज वाटली, की घरी येऊन तिने पुस्तकावर कव्हर घातलं आणि ते कपाटात उलटं ठेवून दिलं.

झाबोरिन तेव्हा बॉयलर-घरात भट्टीवाला होता. छापत त्याला कोणी नव्हतंच. मासिकांची दारं बंद होती, आणि ज्याचं छापत नाहीत त्याने निदान लोकांना ऊब तरी द्यावी, असं तो स्वतःच हसून म्हणायचा. पाळीवर बसून शाळकरी वह्यांत लिहायचा. पेन्सिल कोणती, तर बॉयलर-घराची नोंदवही भरायला सरकारातून मिळणारी, टोक जिभेला लावलं की जांभळं उमटणारी. त्यामुळे त्याच्या खालच्या ओठावर कायम एक जांभळा ठिपका असायचा. रायसाला तो ठिपका आवडायचा. तोही आवडायचा, आता बहात्तराव्या वर्षी लपवून करायचंय काय? तेव्हा मात्र दोघं एकमेकांना ‘अहो-जाहो’ करायची, पूर्ण नावाने, वडिलांच्या नावासकट, आणि वही देता-घेताना त्याच्या भाजलेल्या बोटांचा स्पर्श होऊ नये याची ती नको इतकी काळजी घ्यायची. कादंबरीचं नाव होतं ‘मिठाचं कोठार’. सात वह्या. लढाईच्या काळात मिठाच्या गोदामावर पहारा करणाऱ्या मार्फा नावाच्या बाईची गोष्ट. पातळ, कांद्याच्या सालीसारखे पाच कागद, मध्ये चार कार्बन, आणि टाइपरायटरची कळ इतक्या जोरात मारायची की पाचव्या कागदापर्यंत अक्षर पोचलं पाहिजे. पहिली प्रत लेखकाची. मधल्या तीन हातोहात जायच्या. एक जण वाचणार, दुसऱ्याला देणार, तो पुन्हा टाइप करणार. आणि पाचवी, सगळ्यात फिकी, ती टाइप करणाऱ्याची. हीच मजुरी. दुसरं काही मागायचं नाही आणि कोणी द्यायचंही नाही, असा त्या वेळचा रिवाज होता.

घर पाच कुटुंबांचं, स्वयंपाकघर एक, आणि भिंती अशा की पलीकडचा शिंकला तर इकडच्याने ‘बरे राहा’ म्हणावं. अशा घरात टाइप कधी करायचं? उन्हाळ्यातल्या रविवारी. रविवारी सगळं बिऱ्हाड शहराबाहेरच्या आपापल्या वाफ्यांवर बटाट्यांना मातीची भर घालायला जायचं. क्लावा, शेजारच्या खोलीतली, दर वेळी दारात उभी राहून विचारायची, “येतेस का गं? का बसणार आहेस तुझ्या ठोकाठोकीला?” तिला सगळं ठाऊक होतं आणि तिने कधीही काही विचारलं नाही. ती गेली की रायसा टाइपरायटरखाली घोंगडीची चौघडी घालायची, रेडिओ मोठा करायची आणि सुरू व्हायची. अशी पानं घरात सापडली तर नोकरी तर जायचीच, माणूसही जायचा. पण आज ते दिवस आठवले की तिला भीती आठवत नाही. आठवतो तो खिडकीतून टेबलावर पडलेला उन्हाचा चौकोन, कार्बनने काळी झालेली बोटं, सुकलेल्या ब्रेडवर साखर, आणि आपण कशाला तरी लागतो आहोत ही भावना. ती नंतर पुन्हा कधी आली नाही.

ऑगस्टमधला तो रविवार. नळाचं गरम पाणी दुरुस्तीसाठी तीन आठवडे बंद, दर उन्हाळ्यात असायचं तसं. रायसाने किटलीत पाणी तापवून केस धुतले, टॉवेल गुंडाळला आणि केस वाळेपर्यंत कशाला थांबायचं म्हणून तशीच कामाला बसली. पाचवी वही. संध्याकाळी सहाला पानं बांधून देणारा, ओळखीतला बाइंडर येणार होता, प्रती घेऊन मॉस्कोच्या गाडीत बसणार होता. झाबोरिन प्स्कोव्हला बहिणीकडे, तिथे फोन नाही. आणि एक पान संपवून दुसरं उलटायला ती वाकली तेव्हा टॉवेल सुटला आणि ओल्या केसांचा सबंध भारा वहीवर पडला. उचलायला दोन क्षण लागले असतील. तेवढ्यात पेन्सिलीने आपला गुण दाखवला. घाबरून तिने पान टॉवेलने टिपलं, तर उरलंसुरलंही गेलं. अर्धं पान नुसतं जांभळं. वर वाक्य होतं, ‘मार्फा टेबलापाशी बसली.’ आणि खाली, जिथे पाणी पोचलं नव्हतं तिथे, ‘मग ती उठली आणि दार लावून घेतलं.’ मधल्या अकरा ओळी नाहीत. काय होत्या त्या? तिने रात्रीच तर वही चाळली होती. पण टाइप करणारा माणूस वाचत नसतो, बोटं वाचतात, आणि बोटांपर्यंत त्या ओळी अजून आल्याच नव्हत्या. केसांची टोकं जांभळी झालेली. बारा वाजले, एक वाजला. रेडिओवर कुठलीशी मंडळी पीक-पाण्यावर बोलत होती.

तशी ती बसून राहिली आणि मार्फा टेबलापाशी बसली या वाक्याकडे बघता बघता तिला टेबल दिसायला लागलं. मार्फाचं नव्हे, त्यांचं. लढाईत शत्रूने शहराला घातलेल्या वेढ्यातला पहिला हिवाळा, रायसा सात वर्षांची. खिडकीला गादी लावलेली, भिंतीवर आतून बर्फ. आई दुपारी टेबलावर तीन ताटल्या मांडायची. एक तिची, एक रायसाची, एक ग्लाफिरा मावशीची. ताटलीत वाढायला काही नसायचं. तळहातावर मावेल एवढा काळा ब्रेड, तो त्या तिघी तळहातावरच खायच्या, चुरा सांडू नये म्हणून. तरी ताटल्या मांडायच्या, आणि नंतर आई त्या उचलून धुवायची. पाणी म्हणजे नेवा नदीच्या बर्फाला पाडलेल्या भोकातलं, घसरगाडीवरून ओढत आणलेलं, तिसऱ्या मजल्यापर्यंत चढवलेलं. मावशी एकदा खेकसली, “डोकं फिरलंय का तुझं, अन्फिसा? स्वच्छ ताटल्या धुतेस? आणि तेही या पाण्याने?” आईने हातातली ताटली पुसली, खाली ठेवली आणि म्हणाली, “इथे अजून घर आहे, हे ताटल्यांना कळायला हवं.” फेब्रुवारीत ती गेली. मावशीने तिला चादरीत शिवलं आणि त्याच घसरगाडीवरून नेलं. कुठे नेलं ते मावशीलाही नीट सांगता आलं नाही. शहराबाहेर सामुदायिक दफनाचे लांबच लांब ढिगारे आहेत, त्यांच्यातल्या एकात. प्रत्येक ढिगाऱ्यावर दगड, दगडावर नुसतं साल. नाव कोणाचंच नाही. रायसाने त्या रविवारी, दुपारी दोनच्या सुमाराला, पाच कागद नि चार कार्बन सरळ केले आणि त्या अकरा ओळी टाइप केल्या. एकदाही खोडलं नाही. सहाला बाइंडर आला आणि घेऊन गेला.

सांगणारच होती. झाबोरिन आला की समोर उभं राहून सांगायचं, माझ्याकडून असं झालं, तुम्ही ते पान पुन्हा लिहा. मनात तिने भाषणही जुळवून ठेवलं होतं. पण वह्या आणि पहिली प्रत तिने त्याला बाइंडरच्या हातून पाठवून दिली, स्वतः गेली नाही. सप्टेंबर गेला. बॉयलर-घराच्या गल्लीतून जावं लागू नये म्हणून ती कामावर लांबच्या वाटेने जायला लागली. आणि ऑक्टोबरमध्ये, एका रविवारी सकाळी, बेल वाजली. त्या घराची रीत अशी की एकदा वाजली तर म्हाताऱ्या सोकोलिखासाठी, दोनदा क्लावासाठी, तीनदा रायसासाठी. आपली नसेल तर दुसऱ्याने उघडायचं नाही. तीनदा वाजली. रायसा खोलीच्या दारापर्यंत आली. बाहेरच्या दाराच्या पलीकडून तो खोकला, भट्टीवाल्याचा खोकला, तो तिने लगेच ओळखला. पान बघितलं, आता जाब विचारायला आलाय. पुन्हा तीनदा. क्लावा हातात पातेलं घेऊन बोळात आली, भुवया उंचावल्या, आणि रायसाने ओठांवर बोट ठेवलं. दोघी उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने जिन्यावरून पावलं उतरत गेली, सावकाश, मध्ये एकदा थांबली, मग गेली. डिसेंबरमध्ये झाबोरिन न्यूमोनियाने वारला. त्याला पुरलं तेव्हा रायसा लांब उभी होती, कुंपणाशी.

ट्रॉलीबसच्या शेवटच्या थांब्यावरून ती घरी चालतच आली. घर तेच होतं; बाकीची बिऱ्हाडं गेली, काही वर गेली, काही नुसतीच उपनगरात, पण रायसा आणि क्लावा आपापल्या खोल्यांत राहिल्या होत्या. क्लावा स्वयंपाकघरात बीट किसत होती.

“औषध कुठाय?”

“आणलं नाही.”

“मग होतीस कुठे एवढा वेळ? वरातीत?”

रायसा कोट न काढताच स्टुलावर बसली आणि बोलायला लागली. टॉवेल, जांभळं पान, अकरा ओळी, ताटल्या, सगळं. क्लावाचा किसणीवरचा हात थांबला तो पुन्हा हललाच नाही.

“थांब, थांब,” ती म्हणाली. “म्हणजे तो तीनदा बेल वाजवणारा? भट्टीवाला? तो तुझ्याकडे लग्नाचं विचारायला नव्हता आला?”

“लग्नाचं कसलं गं!”

“आणि मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगतेय, आमच्या रायकाने लेखकाला नाकारलं म्हणून. बाजारात सांगितलंय मी!” तिने हात अॅप्रनला पुसले. मग आवाज खाली आणला. “हे बघ, आता गप्प बस. गेला बिचारा. जिवंतपणी त्याला ओळीची जागा दिली नाही कोणी, आता कुठे नाव झालंय. तू जाऊन सांगशील एवढ्या ओळी त्याच्या नाहीत, लोक म्हणतील मग बाकीच्या तरी कशावरून? धू म्हटलं की धूत बसतील त्याला पेपरांतून.”

“मला कळत नाही का ते?”

“मग?”

“आईचं नाव कुठेच नाही, क्लावा,” रायसा म्हणाली. “त्या दगडावर नुसतं साल आहे. जगात तिचं म्हणून एक वाक्य उरलं, आणि ते बसमधून फिरतंय, नि खाली दुसऱ्याचं नाव. मी मेले की संपलं. मग कोणाला कधी कळणार पण नाही की ती होती.”

क्लावाने किसणी पातेल्यात आडवी ठेवली. तिची आईही त्याच हिवाळ्यात गेली होती. मग नाक ओढून म्हणाली, “त्या म्युझियमवाल्या पोरीने बोलावलंय ना शनिवारी? निळा स्वेटर घाल. राखाडी घातलास की आजारी दिसतेस.”

म्युझियमवाली पोरगी म्हणजे वार्वारा. बॉयलर-घर बंद पडून बरीच वर्षं झाली होती आणि आता तिथे झाबोरिनचं स्मारक होणार होतं. तिचा दोनदा फोन आला होता, तुमच्याकडे म्हणे पाचवी प्रत आहे, आम्हाला बघायला तरी द्याल का. दोन्ही वेळा रायसाने बघते, शोधते, असं म्हणून फोन ठेवला होता. शोधायचं काय, प्रत उशीच्या अभ्र्यात घालून उशाशीच होती. शनिवारी दुपारी ती अभ्र्यासकट पिशवीत घातली आणि निळा स्वेटर घालून ती निघाली. चौतीस वर्षांनी ती त्या गल्लीत शिरली. तळघराच्या पायऱ्या उतरली तर दाराशी टोपली, टोपलीत कापडी सपाता. बुटांवर चढवायच्या, फरशी खराब होऊ नये म्हणून. कोळशाच्या खोलीत! इग्नात साव्विच असता तर हसून हसून खोकला असता, असं तिला वाटलं आणि थोडं बरं वाटलं. भट्ट्या काळ्याभोर रंगवलेल्या, जन्मात कधी नव्हत्या इतक्या चकचकीत. त्याचं स्टूल दोरीच्या पलीकडे.

“आलात! बसा ना, रायसा अर्खिपोव्हना, बसा, चहा ठेवते,” वार्वारा म्हणाली. पस्तिशीची, केस विस्कटलेले, बोलणं भरभर. “सोमवारी उद्घाटन आहे आणि अजून निम्म्या पाट्या लागायच्यात. थांबा, आधी हे दाखवते.”

काचेच्या कपाटात वही होती. पाचवी वही, तेच पान. जांभळा डाग आता फिका पडला होता, कडेला तपकिरी. खाली पाटी होती: ‘हे पान लिहिताना लेखकाला अश्रू आवरले नसावेत.’

“एवढे?” रायसाच्या तोंडून निघून गेलं.

“हो ना,” वार्वारा गंभीरपणे म्हणाली. “इथला मूळ मजकूर गेलाच. नशीब की टाइप प्रती आधीच निघाल्या होत्या.”

आता सांगायला हवं, रायसाने ठरवलं. तोंड उघडलं. पण वार्वारा तिचा हात धरून पुढच्या काचेकडे घेऊन गेली होती. “आणि हा आमचा खरा खजिना. दोन वर्षांपूर्वी प्स्कोव्हला त्यांच्या बहिणीच्या घरात सापडली. पहिली प्रत, त्यांची स्वतःची. सप्टेंबरच्या शेवटी त्यांनी ती सबंध तपासली, तारीख घातली आहे. बघा किती काटछाट! एक पान सोडलेलं नाही. आणि हे पान पाहा.”

तेच पान होतं. ‘मार्फा टेबलापाशी बसली.’ खाली अकरा ओळी, पहिल्या प्रतीच्या ठळक, काळ्या अक्षरात. तिने इतक्या वर्षांत फक्त फिकीच पाहिली होती. एकाही शब्दाला पेन्सिल लागलेली नव्हती. फक्त समासात, त्याच्या तिरक्या जांभळ्या अक्षरात, दोन शब्द होते. ‘कोणाची आई?’

“यावर तीन प्रबंध झालेत,” वार्वारा सांगत होती. “एक प्राध्यापक म्हणतात हा देशाला विचारलेला प्रश्न आहे. दुसरे म्हणतात, मार्फाच्या आईचा कादंबरीत आधी कुठे उल्लेखच नाही, तेव्हा ही सगळ्या मानवजातीची आई. माझं स्वतःचं मत... रायसा अर्खिपोव्हना? बरं वाटत नाहीये का? पाणी आणू?”

रायसाने मान हलवली. ती हिशेब करत होती. सप्टेंबरच्या शेवटी त्याने हे लिहिलं. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात तो जिना चढून आला. ताटल्या आपल्या नाहीत हे त्याला वाचताक्षणी कळलं होतं, का नाही कळणार, लेखक होता तो. आणि त्याने त्या खोडल्या नाहीत. रागावलाही नाही. त्याला एवढंच जाणून घ्यायचं होतं, कोणाची आई; ते विचारायला तो आला होता, तीनदा बेल वाजवली, पुन्हा तीनदा वाजवली, आणि ती ओठांवर बोट ठेवून बोळात उभी राहिली. जिन्यात मध्ये एकदा त्याची पावलं थांबली होती. तेव्हा जरी दार उघडलं असतं तरी चाललं असतं. रडू आलं, ते तिने येऊ दिलं. मग पिशवीतून अभ्रा काढला, त्यातून पानं काढली आणि वार्वाराच्या हातात दिली.

“ही पाचवी प्रत. मजुरी म्हणून मिळालेली. ठेव तुमच्याकडे,” ती म्हणाली. “आणि बाळ, पेन्सिल घे. पाटी बदलायला लागेल. ते अश्रू नाहीत, माझे ओले केस आहेत.”

वार्वाराने कानामागची पेन्सिल काढली.

“आणि ते प्रबंध राहू देत. त्यांनी साधंच विचारलंय. माझी आई. अन्फिसा येगोरोव्हना. तिसरा मजला, डावं दार. बेचाळीसच्या फेब्रुवारीत गेली. ताटल्या तिच्या. त्या ओळी त्यांनी ठेवल्या, म्हणून आता त्यांच्याही. दोन्ही लिही.”

वार्वारा लिहीत होती. एकदा तिने येगोरोव्हना नीट लिहिलंय का ते विचारलं. रायसा काचेपाशी गेली. पलीकडे जांभळे दोन शब्द तसेच वाट बघत होते. तिने काचेला हात लावला आणि वार्वाराला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, “मी घरातच होते, इग्नात साव्विच.”